लेन गेला त्या दुपारचा आवाज

मी लग्न होऊन मलगा डाऊन्सवर, ट्रेगेन्झांच्या मेंढ्यांच्या रानावर आले, तेव्हा तो आवाज होऊन बरीच वर्षं लोटली होती. तरी फेब्रुवारीत एक दिवस असा यायचा, की दुपारचं जेवण उरकलं की माझ्या सासूबाई, हेस्टर ट्रेगेन्झा, स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन आत एकट्याच बसायच्या. त्या दिवशी रेडिओ लावायचा नाही, भांडं आपटायचं नाही. मला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच वर्षी माझ्या हातून पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं. क्लेम, माझा नवरा, अंगणातून धावत आत आला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं कोणी मेलं की काय.

"आज नको गं, नेस्टा," एवढंच म्हणाला तो.

रात्री त्याने सगळं सांगितलं. क्लेम तेव्हा शाळकरी मुलगा होता आणि त्याचा थोरला भाऊ लेन नुकताच अठरा वर्षांचा झाला होता. त्या वर्षी पाऊस छान झाला होता. पारू नदीच्या पश्चिमेला असं वर्ष क्वचितच येतं. माझ्या सासऱ्यांनी ओढ्यावर मातीचा मोठा बांध घातला होता आणि त्यामागे तळं काठोकाठ भरलं होतं. त्या दुपारी आभाळात ढग नव्हता. अचानक एकच प्रचंड आवाज झाला. मलगा डाऊन्सवर खिडक्यांची तावदानं थडथडली, तिकडे वॉरेगल गावात पबमधले ग्लास फडताळावरून खाली आले, कुत्री दिवसभर घरांखालून बाहेर येईनात. आणि बांध मधोमध फुटला. बांधाखाली ओढ्याच्या पात्रात लेन हद्दीचं कुंपण दुरुस्त करत होता.

आवाज कशाचा, हे कोणालाच कळलं नाही, म्हणून प्रत्येकाने आपापलं कारण शोधलं. टपालाची गाडी हाकणारा म्हणे, सरकारचं रॉकेट भरकटून पडलं आणि आता ते दाबताहेत. पबच्या मालकिणीने भर उन्हात आभाळातून पांढरी रेघ जाताना पाहिली होती, निदान असं ती दर ख्रिसमसला सांगायची. कोणी म्हणे हवाई दलाचं विमान आवाजापेक्षा जोरात गेलं. एक गृहस्थ तर कितीतरी वर्षांनी उल्केचा तुकडा शोधायला आले. गाडीमागे लोहचुंबक बांधून आठवडाभर आमच्या रानातून फिरले. घोड्याचे नाल आणि कुठल्याशा गाडीचा सायलेन्सर घेऊन परत गेले.

आमच्या घरात मात्र एकच कारण होतं. कॉर्मक डेव्हनी.

डेव्हनीचं रान, किल्मोर, आमच्या खालच्या अंगाला. ओढा आमच्याकडून त्याच्याकडे जायचा, म्हणजे बांध होईपर्यंत जायचा. बांध झाल्यावर त्याच्या मेंढ्या चिखल चाटत राहिल्या. भर पबमध्ये त्याने माझ्या सासऱ्यांची कॉलर धरली होती आणि म्हणाला होता, "तुझा बांध राहतो कसा तेच बघतो." त्यानंतर त्याने जिलेटिनच्या कांड्यांची एक पेटी विकत आणली. विहीर खोल करायची आहे, असं दुकानदाराला सांगितलं. विहीर होती तेवढीच राहिली. आवाजानंतर पोलिसांनी किल्मोरचं घर, गोठा, विहीर सगळं उलथंपालथं केलं. पेटी मिळाली नाही. शिवाय बांध फुटल्यावर लेनपाशी सगळ्यांत आधी पोचला तो हाच. घोड्यावर घालून त्यानेच लेनला आमच्या दारात आणलं. इतक्या लवकर पोचला कसा? चौकशीत त्याला पेटीबद्दल विचारलं तर हा गप्प. "मी घरी होतो," याच्या पलीकडे अक्षर बोलला नाही. त्याची नऊ वर्षांची मुलगी उना उभी राहून म्हणाली, "बाबा माझ्यासमोर होता." नऊ वर्षांची पोर बापाच्या बाजूने दुसरं काय सांगणार? शेवटी कारण निश्चित सांगता येत नाही असा निकाल लागला. कॉर्मक सुटला, पण मरेपर्यंत त्याच्याशी कोणी धड बोललं नाही.

उना किल्मोरवरच राहिली. लग्न केलं नाही, मेंढ्या एकटीने सांभाळल्या. आमच्याकडे रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायची रीत आहे. क्लेम अनोळखी ट्रकवाल्यालासुद्धा बोट उचलायचा. उनाच्या गाडीला कधी उचललं नाही. मी एकटी असले की उचलायचे. तीही उचलायची.

मग दोन हजार सालानंतरचा तो लांबलेला दुष्काळ आला. जमिनीवरचं गवत गेलं, आणि विमानातून काढलेल्या फोटोंत जमिनीचं हाड न् हाड दिसायला लागलं. ते फोटो बघून डॉक्टर स्टेला मावरोस आमच्या दारात आल्या. विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. वयाने चाळिशीच्या, केस आखूड, हसायला मोकळ्या.

"तुमच्या रानातून एक पायरी गेलीय," चहाचा कप बाजूला सारून त्या टेबलावर फोटो पसरत म्हणाल्या. "घोट्याएवढी उंच. मैलोगणती सरळ जाते. आणि बरोबर त्या फुटक्या बांधाच्या मधून जाते."

"मेंढ्यांची वाट असेल," सासूबाई म्हणाल्या. वय ऐंशीच्या पुढे गेलेलं, पण कान तिखट.

"मेंढ्या इतक्या सरळ चालत नाहीत, मिसेस ट्रेगेन्झा. जमीन फाटलीय तिथे. भूकंपाने."

"भूकंप न्यूझीलंडला होतात."

"इथेही होतात. पण इथले फार वरचेवर नसतात आणि फार खोलही नसतात. गडगडत येत नाहीत, एकदम तडकतात. लोकांना तोफ उडाल्यासारखं वाटतं."

सासूबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे माझ्या मुलाला कोणी मारलंच नाही, हे सांगायला आलीयस तू."

"मी अजून काहीच सांगत नाहीये. पायरी हजारो वर्षांची जुनीही असू शकते. बांधाच्या पायथ्याशी चर खणला की कळेल. माणसाने घातलेली मातीच जर कापली गेली असेल, तर जमीन बांध घातल्यानंतर फाटलीय."

"आणि नसेल कापली गेली तर?"

"तर मी तुमची माफी मागून परत जाईन, आणि तो आवाज दुसऱ्या कशाचा तरी होता."

सासूबाई क्लेमकडे बघत राहिल्या. क्लेम खिडकीबाहेर बघत होता. शेवटी म्हणाला, "खणू दे, मा. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

"भावाच्या जागेवर यंत्र चालवशील?"

"दुसऱ्या कोणाला चालवू देण्यापेक्षा मी चालवीन."

पण बांधाचा पायथा बरोबर हद्दीवर होता, म्हणजे अर्धा उनाचा. स्टेलाने तिलाही विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उना डेव्हनी पहिल्यांदाच आमच्या घरी आली. दाराच्या पायरीवर उभी राहिली, टोपी हातात. मी आत ये म्हटलं तर आली नाही.

"माझी हरकत नाही," ती म्हणाली. "फक्त खणताना मी तिथे असणार."

सासूबाई जाळीच्या दाराआडून म्हणाल्या, "का गं? काय निघेल याची भीती वाटते?"

"हो," उना म्हणाली. "वाटते."

सासूबाई दारापासून मागे सरल्या. उना बापाची बाजू घेऊन भांडेल अशी तयारी करून त्या बसल्या होत्या.

चर खणायला सुरुवात झाली ती बांधाच्या मधल्या खिंडारापासून. क्लेमचं खोदायचं यंत्र जुनं होतं. इंजिन बंद केलं की त्याचा लांब हात आपोआप हळूहळू खाली बसायचा, म्हणून तो ते सारखं चालूच ठेवायचा. खांद्याएवढा खोल चर झाला की स्टेला आत उतरून करणीने भिंत साफ करायची आणि उना ब्रशने धूळ झाडायची. क्लेम आणि उना एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप माझ्यामार्फत. "तिला सांग जरा बाजूला हो." "त्याला सांग झालेय." चार हातांवर उभी असलेली ही दोन माणसं एकेकाळी शाळेत एका बाकावर बसायची.

तिसऱ्या दिवशी स्टेलाने हाक मारली. तिच्या आवाजावरूनच मी किटली खाली ठेवली. चराच्या भिंतीत बांधाची लाल चिकणमाती होती, आणि तिच्याखाली ओढ्याची करडी वाळू. दोन्ही थर सरळ येत होते आणि एका जागी तुटत होते. तुटलेली पलीकडची बाजू वीतभर वर सरकली होती. वाळू सरकली होती आणि तिच्यावरची माणसाने घातलेली लाल मातीही तेवढीच सरकली होती.

"एकदाच सरकलीय," स्टेला म्हणाली. "बांध घातल्यानंतर. बांध फुटला तो इथेच फुटलाय ना?"

 क्लेम यंत्रावरून उतरला, चराच्या काठावर उकिडवा बसला आणि त्या तुटलेल्या रेघेकडे बघत राहिला. त्याने हात पुढे केला, पण मातीला लावला नाही.

उनाच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. मला आधी कळेना ती हसते की रडते. "मग झालं ना?" ती म्हणाली. "झालं ना आता?"

"जवळजवळ," स्टेला म्हणाली. "पूर्वेकडे आणखी थोडा चर न्यावा लागेल. न हललेली माती कशी दिसते ते शेजारी दाखवता आलं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील बांध खचला असेल नुसता."

जेवण करून क्लेमने यंत्र पूर्वेच्या टोकाला नेलं. स्टेला कॅमेरा आणायला गाडीकडे गेली, गाडी पार वरच्या सावलीत होती. उना नव्या खणलेल्या भागात उतरून भुसभुशीत माती बाजूला करत होती. मी काठावर होते. क्लेमने आणखी एक घास घेतला आणि चराच्या बाजूचं एक ढेकूळ सुटून आत पडलं. त्याच्यामागे भिंतीत एक पोकळी दिसली. फळ्यांनी छत लावलेलं एक बीळ, माणूस पोटावर सरपटत जाईल एवढं. आणि त्या बिळातून एक लाकडी पेटी पुढे झुकली.

उनाने विचार केला नाही. पडणारी वस्तू धरतात तशी तिने दोन्ही हातांनी पेटी खालून धरली.

मग ती गोठली. मला तिच्या मानेची शीर दिसली. वाऱ्यावर वास आला, गोडसर, बदामासारखा.

"नेस्टा," ती अगदी हळू म्हणाली. "जवळ येऊ नकोस. स्टेलाला येऊ देऊ नकोस. ही जिलेटिनची पेटी आहे. तळ ओला आहे. घाम आलाय तिला."

आमच्या भागात लहानपणापासून प्रत्येकाला हे शिकवतात: जुन्या कांड्यांना घाम फुटतो, आणि तो घाम म्हणजे त्यातलं जहाल तेल. अशी पेटी आपटायची नाही, हलवायची नाही, तिच्याजवळ मोठ्याने खोकायचंही नाही. आणि इथे यंत्राचं इंजिन धडधडत होतं, काठावरची माती बारीक बारीक ओघळत होती, आणि यंत्राच्या हाताचे लोखंडी दात उनाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर टांगलेले होते.

क्लेमला काही ऐकू येत नव्हतं. मी दोन्ही हात वर केले. त्याला वाटलं बंद कर म्हणतेय, आणि त्याचा हात किल्लीकडे गेला. मी इतक्या जोरात मान हलवली की माझी टोपी उडाली. इंजिन बंद झालं असतं तर यंत्राचा हात हळूहळू तिच्या डोक्यावर बसला असता. क्लेम थांबला. पुढे वाकला. त्याने पेटी पाहिली, पेटी धरलेली उना पाहिली.

किती वेळ तो नुसता बसून होता, मला सांगता येणार नाही. बहुतेक क्षणभरच. पण त्या क्षणात मला त्याची भीती वाटली. माझ्या नवऱ्याची. ज्या पेटीने आपल्या भावाला मारलं असं तो जन्मभर समजत आला ती त्याच्यासमोर होती, आणि ती डेव्हनीच्या मुलीच्या हातात होती.

मग त्याने खटका धरला आणि यंत्राचा हात वर उचलायला सुरुवात केली. धक्का न देता, केसाकेसाने. हात वर गेला, वळला, लांब मोकळ्या जमिनीवर जाऊन टेकला. मग त्याने इंजिन बंद केलं. एकदम सगळीकडे शांतता झाली आणि मला उनाचा श्वास ऐकू आला.

क्लेम खाली उतरला. स्टेलाने चराच्या काठाला लावायला वाळूच्या पिशव्या आणल्या होत्या. त्यातली एक त्याने उचलली.

"क्लेम," मी म्हणाले.

"तू त्या गाडीपर्यंत जा आणि त्या बाईला धरून ठेव." मी गेले नाही. थोडी मागे सरले, तेवढंच.

तो चरात उतरला, पाऊल दाबून बघत, मग पुढे. उनाच्या शेजारी गुडघ्यावर बसला. 

"फार जड आहे?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांनी तिच्याशी बोललेले पहिले शब्द.

"भरलेली आहे, क्लेम."

"काय?"

"भरलेली आहे. वजनावरून कळतंय. एकही कांडी काढलेली नाही."

क्लेमचा हात मधेच थांबला. मग त्याने पिशवी पेटीखाली सरकवली. "हलू नकोस. आणखी एक आणतो." असा तो गेला आणि आला, गेला आणि आला. शेवटची पिशवी बसेना, तेव्हा त्याने ती काढून हातांनी वाळू भरली, तिच्या बोटांच्या मधून, मूठ मूठ. "आता एक बोट सोड," तो म्हणाला. "हं. आता दुसरं." कोकराची नाळ सोडवताना बोलतो तसं बोलत होता. पेटी तिथेच राहिली. उनाने हात बाजूला घेतले आणि ते कसे ठेवायचे हेच तिला कळेना. ते दोघं एकामागे एक चरातून बाहेर आले आणि आम्ही चालत राहिलो, कॅमेरा घेऊन येणाऱ्या स्टेलाला वाटेतच मागे वळवून, थेट वरच्या गाडीपर्यंत. तिथून बांध बोटाएवढा दिसत होता.

तिथे उना ओकली. हातांतून भिनलेल्या त्या तेलाने तिचं डोकं इतकं चढलं होतं की तिला उजेड सहन होईना. मी तिला गाडीच्या सावलीत बसवून तिचे हात साबणाने धुतले. क्लेम आणि स्टेला रेडिओवरून पोलिसांना बोलवत होते.

"ते बीळ," उना डोळे मिटून म्हणाली. "बीळ बाबाने आमच्या बाजूने खणलं असणार. रात्री रात्री जायचा तेव्हा. मला सांगायचा डिंगो कुत्री मारायला जातो."

"उना, आता बोलू नकोस."

"नाही, ऐक. कोणाला सांगितलं नाही मी हे. आवाज झाला तेव्हा बाबा खरंच माझ्यासमोर होता. खोगीर शिवत होता. आवाज सगळीकडून आला. मी आभाळाकडे बघितलं, आई विहिरीकडे धावली. बाबाने मात्र सरळ बांधाकडे बघितलं. कोणी काही सांगायच्या आधी. चेहरा असा पांढरा पडला. आणि खोगीर न घालताच घोड्यावर बसून गेला. जन्मभर मी विचार करत आले, त्याला कसं कळलं? म्हणजे त्यानेच काहीतरी…" ती थांबली. डोळे उघडले. "नेस्टा, त्याला वाटलं त्याची पेटी आपोआप उडाली."

मी तिच्या हातांवर पाणी ओतत राहिले.

"बिळाच्या तोंडावर बांधाची माती ढासळली होती. पोलीस बसलेले. त्याला जाऊन बघताच आलं नाही पेटी आहे की गेली. म्हणून तो पेटीचं नाव काढेना. त्याला वाटलं, मीच मारलं पोराला. मरेपर्यंत तसंच वाटत राहिलं त्याला. आणि पेटी इथे भरलेली होती."

ती रडली नाही. नुसती माझ्या हाताकडे बघत होती, जसं काही तिथे तिला कोणीतरी उत्तर देणार होतं.

संध्याकाळी क्लेम तिला घरी सोडायला निघाला. जाताना दारात थांबून म्हणाला, "हे बघ. भूकंप होता हे तर स्टेलाकडे लिहिलेलंच आहे. पेटी कुठे सापडली हे लोकांना कळायची गरज नाही. जुनी होती, रानात मिळाली, संपलं. मी तोंड उघडणार नाही. नेस्टाही नाही."

उनाने टोपी डोक्यावर ओढली. "तुझ्या आईला काय सांगशील?"

क्लेमने खिशातून गाडीची किल्ली काढली.

लष्कराची माणसं दोन दिवसांनी आली. पेटी हलवण्याजोगी नाही, जागेवरच उडवावी लागेल, म्हणाली. सासूबाईंनी हट्ट धरला की मी बघायला येणार. क्लेमने नको म्हटलं, डॉक्टरने नको म्हटलं. शेवटी गाडी टेकाडावर लावली आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवून काच खाली केली. त्या दोन्ही पायांतले बूट काढून बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तेव्हाही मी अनवाणीच होते. फरशी पुसत होते."

लष्करातल्या माणसाने हात खाली केला. बांधाच्या टोकाशी धूळ उठली आणि मग आवाज आमच्यापर्यंत आला, कोरडा, कडक, कानात सुई गेल्यासारखा.  क्लेमने डोळे मिटून घेतले होते.

सासूबाई डोकं थोडं तिरपं करून बसल्या होत्या. धूळ खाली बसली.

"हा नव्हे," त्या म्हणाल्या.

"काय, मा?"

"हा नव्हे तो. हा कानाला लागला. तो पायांना लागला होता. आधी फरशी हलली, मग आवाज आला." त्यांनी पायांचे तळवे गाडीच्या पत्र्यावर घासले. "मी पोलिसांना हे सांगायला हवं होतं. पण मला ते तेव्हा आठवलंच नाही. मला फक्त लेन आठवत होता."

वॉरेगलच्या सभागृहात स्टेलाने लोकांना बोलावलं तेव्हा झाडून सगळे आले, मेंढ्या विकून गेलेलेसुद्धा. तिने पडद्यावर ती तुटलेली रेघ दाखवली. म्हणाली, त्या काळी जवळपास कुठे भूकंप मोजायचं यंत्र नव्हतं, त्यामुळे शंभर टक्के कोणीच सांगू शकणार नाही, पण रॉकेट, उल्का, विमान यांपैकी काहीही जमिनीला असं कापत नाही. पबची मालकीण पुटपुटली, "पांढरी रेघ मी पाहिली होती, कोणी काही म्हणो." लोक हसले. मग मागून एकाने विचारलं, "आणि ती जिलेटिनची पेटी? ती कुठे मिळाली म्हणे?"

क्लेम उठायला लागला. त्याच्याआधी उना उठली.

"बांधाखाली," ती म्हणाली. "माझ्या बाबाने ठेवली होती. बांध उडवायला. त्याने उडवला नाही, जमिनीने उडवला. पण ठेवली होती त्याने."

 सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मागे न वळता विचारलं, "लेन खाली आहे हे माहीत असतं तरी उडवला असता का त्याने?"

"मला माहीत नाही, मिसेस ट्रेगेन्झा," उना म्हणाली. "नसता उडवला असं मला वाटतं. पण मी त्याची मुलगी आहे."

लोक चहा घ्यायला उठले. काहींनी उनाचा हात हातात घेतला, काही तिच्याजवळून मुद्दाम लांबून गेले. कॉर्मक डेव्हनी निर्दोष ठरला असं म्हणायला कोणी तयार नव्हतं, आणि खुनी म्हणायलाही कोणी उरलं नव्हतं.

सासूबाई जागच्या उठल्या नाहीत. मी चहा आणला तर म्हणाल्या, "तिला बोलव." उना आली, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मी पाठ फिरवली, पण तिथेच उभी राहिले.

"त्याने आणलं लेनला," सासूबाई म्हणाल्या. "घोड्यावरून. मी त्याला दारातून हाकलला. एक शब्द बोलू दिला नाही. मला कधी कळलं नाही… तो पोचला तेव्हा लेन होता का?"

 "होता. थोडा वेळ. बाबाने एकदाच सांगितलं मला, शेवटच्या आजारात. तोंडातला चिखल त्याने बोटांनी काढला. लेनने त्याची बाही धरून ठेवली होती. सोडेना."

"काही म्हणाला?"

"विचारलं, माझा घोडा सुटला का? बाबा म्हणाला, सुटला, तो वर उभा आहे, नीट आहे. मग तो शांत झाला."

 उनाने सासूबाईंच्या हातातला कप घेऊन बाजूला ठेवला.

"कुठला घोडा?" सासूबाईंनी विचारलं. "तांबडा होता की तो पांढऱ्या कपाळाचा?"

"ते नाही सांगितलं त्याने."

"पांढऱ्या कपाळाचाच असणार," सासूबाई म्हणाल्या. "लेन त्याला कोणाला हात लावू द्यायचा नाही."